जावरच्या ओस खाणी



या व्यासपीठावर इतिहासाचे मोठमोठे अभ्यासक बोलून गेले आहेत. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा राजेरजवाड्यांच्या इतिहासावर बोलण्याच्या भरीस मी पडत नाही. मला बोलावयाचे आहे ते अरवली पर्वतातल्या काही बुजत चाललेल्या खाणींवर आणि त्यांच्या पायथ्याशी पडलेल्या मातीच्या भांड्यांच्या ढिगांवर. या गोष्टीत पुढे आपला, म्हणजे मराठी माणसांचाही एक दुवा निघतो. तो सुखावह नाही, पण तो झाकून ठेवून मला ही गोष्ट सांगता यायची नाही.

आधी थोडे माझ्या धंद्याविषयी. एकोणिसाव्या वर्षी मी एका पितळेच्या ओतशाळेत कामाला लागलो. कारखान्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, तसले कारखाने त्या काळी पुष्कळ होते. तांबे वितळले की त्यात जस्ताचे तुकडे सोडावयाचे, आणि ते सोडले की मुशीच्या तोंडाशी निळसर हिरवी ज्वाळा उठून पाठोपाठ पांढराशुभ्र धूर उसळे. पिंजलेल्या कापसासारखे त्याचे पुंजके छपराखाली तरंगत राहत. धूर ओढून नेणारा पंखा नव्हता. संध्याकाळी घरी गेलो की हुडहुडी भरून ताप येई, रात्री अंग घामाने भिजे, आणि सकाळी ताप नाहीसा. रविवारची सुटी झाली की सोमवारी तो अधिक जोराने येई. मालक गुळाचा खडा हातावर ठेवी आणि हजेरी मांडी. पुढे संघटनेच्या कामात पडल्यावर त्या तापाला वैद्यकात नाव आहे हे कळले, आणि पंख्याला काही फार खर्च येत नाही हेही कळले. पण त्या वेळी एका म्हाताऱ्या ओताऱ्याला मी विचारले होते, "बाबा, हा धूर कशाचा?" तो म्हणाला, "पोरा, जस्त उडून चाललंय. ते बाकीच्या धातूंसारखं तळाशी बसत नाही."

त्याच्या या एका वाक्यात सारे रसायनशास्त्र आले. तांबे, शिसे, लोखंड यांचे खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातले की धातू सुटून तळाशी गोळा होतो. जस्ताचे तसे नाही. त्याच्या खनिजातून धातू सुटण्यासाठी हजार अंशांच्या वर आच लागते, आणि जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे धातू सुटतो तो वाफ होऊनच; आणि त्या वाफेला बाहेरची हवा लागली की तिची पांढरी राख होते. म्हणून जगात पितळ पुष्कळ आधीपासून होते, तरी निव्वळ जस्त नव्हते. तांब्याबरोबर जस्ताची माती आणि कोळसा बंद मुशीत भाजीत, तेव्हा ती वाफ तांब्यात मुरे आणि पितळ होई. जस्त काही कोणाच्या हाती लागत नसे. उडून जाणाऱ्या या धातूला मोठ्या प्रमाणावर पकडले ते मेवाडातील जावर या गावी. उद्योग म्हणून जस्त काढण्याचे याहून जुने ठिकाण जगात दुसरे सापडलेले नाही. ही गोष्ट वाचनालयातल्या एका इंग्रजी ग्रंथात मी कोश उघडून ओळ-ओळ वाचली, आणि तेथे जाण्याचा ध्यास घेतला. योग यायला बरीच वर्षे लागली.

जावर उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. टिडी नावाची लहानशी नदी, दोन्ही अंगांना उघडे, दातेरी डोंगर. त्यांना तिकडे मगरा म्हणतात: मोचिया मगरा, बरोई मगरा, शिवाय जावरमाळा. कामगारांच्या एका बैठकीसाठी मी उदयपूरला गेलो होतो. बैठक एक दिवस आधी आटोपली. एक निवृत्त खाणकामगार ओळखीचे झाले होते. वय सत्तरीच्या घरात, पण चढण चढताना दम लागला तो मला. मी त्यांना काकाजी म्हणे, ते मला भाईसा.

वाटेत पळस, सालई आणि रानोमाळ वाढलेली सीताफळाची झुडपे. या डोंगरांत बिबट्या आहे, म्हणून काकाजी मधूनमधून काठी दगडावर आपटीत चालले होते. एका झुडपापाशी थांबून त्यांनी काठीने फांद्या बाजूला केल्या, तर पुढ्यात काळेभोर भोक. एक दगड आत सोडला. तो एकदा आपटला, दुसऱ्यांदा आपटला, मग बराच वेळ काही नाही, आणि शेवटी खोल पाण्याचा आवाज आला. अशी भोके त्या डोंगरांवर कितीतरी आहेत. शेरडांमागे फिरणाऱ्या पोरांना ती पाठ असतात; आपल्यासारख्या नवख्याने वाटाड्याशिवाय तेथे पाऊल टाकू नये.

एक आडवे तोंड मात्र माणूस वाकून आत जाईल इतके होते. उजेड पोहोचतो तेथपर्यंतच जायचे, असे काकाजींनी बजावले. सोडून दिलेल्या खाणीत कोंडलेली हवा असते. दिवा विझेपर्यंत माणसाला समजत नाही, आणि कधीकधी त्यानंतरही समजत नाही. ज्याने तीस वर्षे भूमिगत काम केले त्याचा शब्द मी मोडला नाही. पण उजेडात दिसले तेवढेही पुरे होते. भिंतीवर टिकावाचे घाव फारसे नव्हते. छत आणि भिंती गोलसर, गुळगुळीत, रांजणाच्या आतल्या बाजूसारख्या. पायाखाली राख आणि कोळशाची भुकटी. सुरुंगाची दारू नसताना खडक फोडण्याची ही जुनी रीत. खडकाला टेकून लाकडे रचावयाची, पेटवावयाची, आणि धगीने तडकलेला खडक छिन्नीने पाडून टोपल्यांतून बाहेर काढावयाचा. छताला आधार म्हणून खडकाचेच खांब मागे सोडलेले. या खाणींत शिड्यांची आणि आधाराची जी लाकडे सापडली, त्यांचे वय किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने काढले तेव्हा काही लाकडे दोन हजार वर्षांहून जुनी निघाली. जस्त धातू काढू लागण्याच्या कित्येक शतके आधी हा डोंगर शंभर मीटरांहून अधिक खोल पोखरला गेला होता. शंभर मीटर खाली, बंद भुयारात, लाकडे पेटवून! त्या धुराची कल्पना करून पाहा. मालकाकडे पंखा मागणारा मी, त्या राखेवर उभा राहिलो तेव्हा काही वेळ बोलू शकलो नाही.

खाली गावाकडे उतरलो की ढीग लागतात. लांबून ते मातीचे उंचवटे वाटतात. जवळ जावे तो काय, वांग्याच्या आकाराची मातीची भांडी, हजारांनी, लाखांनी, एकावर एक. लांबी वीत-दीड वीत, एक टोक बंद, बाहेरून आचेने काचेसारखी चकाकणारी. याच त्या जस्ताच्या मुशी. १९८३ साली बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, लंडनचे ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्या लोकांनी मिळून येथे उत्खनन केले, तेव्हा शेवटच्या खेपेच्या मुशी जागच्या जागी असलेल्या भट्ट्याच सापडल्या, एका ओळीत सात. त्यामुळे कामाची रीत आज बरीच नक्की सांगता येते.

प्रथम खनिज उघड्यावर भाजून त्यातला गंधक उडवावयाचा. मग त्याचे चूर्ण, कोळसा, थोडे मीठ आणि शेण असे मळून गोळ्या करावयाच्या व त्या मुशीत भरावयाच्या. तोंडाला धोतऱ्याच्या फुलासारखी मातीची नळी बसवून सांधा मातीने लिंपावयाचा. आता गंमत अशी की ही मूस भट्टीत उलटी ठेवावयाची, तोंड खाली. मग आतला माल खाली का पडत नाही? तर मुशीच्या मधोमध एक काडी उभी खोवलेली असे. माल वाळून आणि भाजून आपल्या अंगी धरेपर्यंत ती त्याला अडवून धरी, आणि मग स्वतः जळून जाई. जळाली की तिच्या जागी सरळ पोकळी राही, आणि त्याच पोकळीतून जस्ताची वाफ खाली उतरे. काम झाले की आपण जळून वाट करून देणारी काडी! ज्याने ही युक्ती प्रथम योजली त्याला आजचे कोणतेही कारखाने डोक्यावर घेऊन नाचले असते, निदान एक वर्षाचा करार तरी देऊ केला असता.

भट्टीला दोन मजले. मध्ये भोके पाडलेल्या भाजक्या मातीच्या जाड विटांची जाळी. वरच्या मजल्यावर सहा ओळींत सहा-सहा अशा छत्तीस मुशी आणि भोवती विस्तव. नळ्या जाळीतून खाली उतरलेल्या. खालचा मजला थंड. तेथे वाफेचे पाणी व्हावे तसे जस्त होऊन खालच्या भांड्यांत ठिबके, आणि हवा न लागल्यामुळे त्याची राख होत नसे. एका खेपेला तीन ते पाच तास. एका मुशीतून फार तर अर्धा किलो. सात भट्ट्यांच्या एका रांगेत २५२ मुशी. मूस एकदाच वापरता येई. म्हणजे रोज नव्या मुशी घडवणारे कुंभार, लाकूडतोडे, लोणारी, खनिज कुटणारे, गोळ्या वळणारे, लिंपणारे, आणि भट्टीपाशी ज्वाळेचा रंग पाहून आच राखणारे, असा सारा गावच या एका धंद्यात गुंतलेला असला पाहिजे. बायकापोरांची मजुरी त्यात नसेल असे मला तरी वाटत नाही.

ही विद्या ग्रंथांतही आहे. रसरत्नसमुच्चय या तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात वांग्याच्या आकाराची मूस, धोतऱ्याच्या फुलासारखी नळी, सारे वर्णन आहे. पण तेथे खनिजाबरोबर लाख, गूळ, हिरडा, हळद, टाकणखार अशी द्रव्ये सांगितली आहेत. वैद्याने तोळा-मासा भस्मासाठी करावयाची ती कृती. हळद-हिरडा घालून पोतीच्या पोती खनिज कोण काढील? जावरच्या माणसाने शेण आणि मीठ वापरले. पंडिताला जे औषधापुरते ठाऊक होते ते बाजारापुरते करून दाखविणारा कोण होता, याबद्दल ग्रंथ गप्प आहेत. महाराणा लाखाच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस, जावरची खाण भरभराटीस आली अशी परंपरा आहे. अबुल फजलने आईन-इ-अकबरीत जावरच्या जस्ताच्या खाणीची नोंद केली. महाराणा कुंभाची मुलगी रमाबाई हिने १४९७ साली येथे मंदिर आणि कुंड बांधविले, त्याचा लेख आहे. जैन व्यापाऱ्यांची मंदिरे आहेत. रमाबाईचे नाव आपण आज घेऊ शकतो ते त्या दगडामुळे. भट्टीवाल्यांपैकी एकाचेही नाव मला कोठे वाचावयास मिळाले नाही.

येथे एक परदेशातली हकिकत सांगणे भाग आहे. इंग्लंडात ब्रिस्टल येथील विल्यम चॅम्पियन याने १७३८ साली जस्त काढण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. त्याच्याही भट्टीत मूस वर, आणि वाफ नळीने खाली उतरून थंड होणार. म्हणजे तत्त्व जावरचेच. ते तिकडे हिंदुस्थानातून गेले असावे असा काही विद्वानांचा तर्क आहे. मला त्या वादात पडावयाचे नाही. मला महत्त्वाचे वाटते ते पुढले. चॅम्पियनच्या कारखान्यात काम पाहणारा जेम्स इमर्सन नावाचा माणूस बाहेर पडला, त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि निव्वळ जस्तापासून पितळ करण्याचे पेटंट १७८१ साली घेतले. धन्याचे काम गेले तरी विद्या हातातून हातात पुढे गेली. मेवाडात नेमक्या त्याच काळात काय होत होते?

आता तो दुवा. १७३६ साली पहिले बाजीराव उदयपूरला गेले आणि मेवाडवर सालीना १ लाख ६० हजारांची खंडणी बसली. १७६९ साली महादजी शिंद्यांनी उदयपूरला वेढा घातला. साठ लाखांवर तडजोड झाली, त्यांपैकी तेहतीस लाख रोकड, सोनेनाणे, जडजवाहीर असे दिले आणि बाकीच्यासाठी जावद, जिरण, निमच हे मुलूख गहाण पडले. (हे जावद माळव्याकडचे, आपले जावर वेगळे. माझ्याही टिपणात एकदा घोटाळा झाला होता.) पुढे १८०२ साली यशवंतराव होळकरांची फौज नाथद्वाऱ्यावर आली, तेव्हा श्रीनाथजींची मूर्तीसुद्धा पुजाऱ्यांना हलवावी लागली. मागून पेंढारी आणि अमीरखान. त्यावर १८१२-१३चा दुष्काळ. जावरच्या भट्ट्या थंड झाल्या त्या याच सुमारास.

हा काळ ज्याने प्रथम विस्ताराने लिहिला तो कर्नल टॉड कंपनी सरकारचा उदयपूरचा एजंट होता. मराठ्यांना काळे रंगविण्यात त्याचा आणि त्याच्या सरकारचा फायदा होता, हे विसरून त्याला वाचू नये. १८१८च्या तहात कंपनीने मेवाडकडून पहिली पाच वर्षे वसुलाचा चौथा हिस्सा आणि त्यानंतर कायमचा आठांतला तीन हिस्से ठरवून घेतला. खंडणीचे नाव बदलले, इतकेच. शिवाय चीनचे जस्त डच आणि इंग्रज जहाजांतून हिंदुस्थानच्या बंदरांत सतराव्या-अठराव्या शतकांत येत होते, त्याचाही मार जावरला बसला असेल. हे सारे मान्य करूनही मी म्हणेन की साठ लाखांची तडजोड ज्या मुलखातून वसूल झाली त्या मुलखात जावर होते. आपण शाळेत ज्या फौजांच्या मोहिमा नकाशावर भगव्या बाणांनी शिकलो, त्या बाणांच्या टोकाशी कोणीतरी मुशी लिंपीत बसलेला होता. शिंदे-होळकरांचा पराक्रम मला कमी करावयाचा नाही. तीस वर्षे मी मालकांना एकच सांगत आलो आहे, की हिशेबाची वही दोन्ही बाजूंनी लिहावी. आपल्या घरची वही मी दुसऱ्या नियमाने कशी लिहू?

खनिज संपले म्हणून खाण बंद पडली असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. १९४०च्या दशकात मेटल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने याच डोंगरात पुन्हा काम सुरू केले. १९६५ साली सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली, १० जानेवारी १९६६ रोजी हिंदुस्थान झिंक स्थापन झाली, १९६८ साली उदयपूरजवळ देबारी येथे जस्ताचा कारखाना चालू झाला. २००२ साली सरकारने आपल्या भागांचा हिस्सा विकून कंपनीची सूत्रे खाजगी हातांत दिली. त्यावर मला बोलावयाचे असते तर आणखी एक व्याख्यान लागेल. आजही जावरच्या डोंगरातून खनिज निघते. म्हणजे १८१३च्या सुमारास डोंगर रिकामा झाला नव्हता; माणसे पांगली होती. आणि ती पांगल्यावर, रसरत्नसमुच्चयाच्या पोथ्या वाचनालयांत शाबूत असूनही, जावरची भट्टी कोणी पुन्हा पेटवू शकला नाही. काडी कोणत्या लाकडाची, गोळी किती ओली, लिंपण किती जाड, ज्वाळा कोणत्या रंगाची झाली म्हणजे मूस उतरावयाची, हे पोथीत नव्हते. ते ज्यांच्या हातांत होते ते शेतमजुरीला गेले, नाहीतर भुकेने मेले.

१९८८ साली अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला. तेव्हापासून सभांतून आपण ऐकतो, आमच्या पूर्वजांनी जगाला जस्त दिले. काकाजींना मी हे सांगितले. ते म्हणाले, "भाईसा, पूर्वज म्हणजे नेमके कोण? राणाजी की आम्ही?" मग त्यांना खोकला लागला. तो खोकला दगडाच्या धुळीचा. खाणकामगारांशी ज्याची गाठ पडली आहे त्याला तो कानाने ओळखता येतो. आम्ही थोडा वेळ बसून राहिलो.

गावात परतलो तेव्हा ऊन उतरले होते. जावरच्या कित्येक घरांच्या भिंती याच जुन्या मुशींच्या आहेत. विटांसारख्या रचलेल्या, मधे माती. एका घराची बाई भिंत सारवीत होती. एक मूस भिंतीतून निखळली होती, ती तिने मला हातात दिली. आत पाहिले तर करपलेला माल अजून तसाच होता, आणि त्याच्या मधोमध जळालेल्या काडीचे सरळ भोक. तोंडाशी लिंपणाचा एक तुकडा चिकटून राहिला होता. सांधा दाबताना उमटलेला अंगठ्याचा ठसा त्यावर स्पष्ट होता. मी माझा अंगठा त्यात ठेवून पाहिला. तो मावला नाही. ठसा फार लहान होता. मूस मी बाईला परत दिली. तिने ती पुन्हा भिंतीत बसवली आणि वरून शेणाचा हात फिरवला.